दलालीच्या दोन टक्क्यांत नेमकं काय येतं? कोथरूडच्या एका रीसेल फ्लॅटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ च्या उत्तरार्धातलं, पुण्यातल्या कोथरूडचं. नावं बदलली आहेत, सोसायटी ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत आणि रकमा जवळच्या पूर्ण आकड्यांवर आणल्या आहेत. खरेदीदार, विकणारे आणि एजंट या तिघांचंही म्हणणं ऐकून घेतलं आहे. त्यांचं आपसात सगळंच जुळत नाही, आणि तसं ते जुळायला हवं असंही नाही.

मेघना आणि निखिल दोघं नोकरी करणारे. भाड्याचं घर कर्वेनगरला, मुलीची शाळा कोथरूडला, त्यामुळे भाग आधीच ठरलेला. बजेट एक कोटीच्या आत, त्यात सत्तर लाख कर्ज. कोथरूडमध्ये नवं बांधकाम बहुतेक पुनर्विकासातलं आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून रीसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून जुनं घर.

नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याला दलाली दिसत नाही. ती बिल्डर त्याच्या चॅनल पार्टनरला, म्हणजे त्याची घरं विकून देणाऱ्या दलालाला देतो आणि ती किमतीत कुठेतरी मुरलेली असते. रीसेलमध्ये मात्र पुण्यातला रिवाज दोन टक्क्यांचा आहे, आणि तो चेक खरेदीदाराला स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. ‘या माणसाने एवढं केलं तरी काय?’ हा प्रश्न म्हणूनच रीसेलवाल्यांना जास्त छळतो.

त्यांना भेटलेला एजंट पन्नाशीचा, त्याच भागात अनेक वर्षं धंदा करणारा. मेघना त्याला ‘काका’ म्हणे, तो तिला ‘मॅडम’. व्हिजिटिंग कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक होता. तो पाहून दोघं निर्धास्त झाले, आणि इथे पहिली गफलत झाली. रेरा कायद्याच्या कलम ९ मधली एजंटची नोंदणी ही रेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पांमधल्या खरेदी-विक्रीसाठी आहे. २००४ साली बांधून पूर्ण झालेल्या इमारतीतला रीसेल त्यात बसत नाही. एजंटने परीक्षा देऊन नंबर मिळवलेला असतो, त्याबद्दल त्याचं कौतुकच. पण अशा व्यवहारात वाद झाला तर महारेराचं दार वाजवून उपयोग नाही, ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय गाठावं लागतं.

काकांनी बरेच फ्लॅट दाखवले. पसंत पडला तो दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, पूर्वेला बाल्कनी, मागणी १ कोटी ५ लाख. हाच फ्लॅट ऑनलाइन पोर्टलवर आणखी तीन दलालांनी टाकलेला होता, दोघांनी तर फोटोही तेच वापरले होते. म्हणजे ‘घर शोधून दिलं’ या कामाचं मोल मुळात फारसं नव्हतं. दाखवताना काका सोबत होते इतकंच.

दलाली किती, केव्हा आणि कशाची, यावर तोंडी एवढंच बोलणं झालं होतं: “आपलं नेहमीचं दोन टक्के, मॅडम.” मेघनाने मान डोलावली होती.

भाव कसा ठरला

“एक कोटीच्या खाली मालक ऐकणार नाहीत,” असं काका सांगत होते. निखिलने एका रात्री नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर बसून त्या इमारतीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे काढले. हे कुणालाही करता येतं. गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की कोणी, किती क्षेत्र, किती मोबदल्याला घेतलं ते दिसतं. मार्च २०२३ मध्ये त्याच इमारतीतला जवळपास तेवढ्याच क्षेत्राचा फ्लॅट ९३ लाखांना गेला होता. काकांना हे ठाऊक असणार यात शंका नाही, त्यांचं दुकान त्या इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. पण ते त्यांच्या तोंडून आलं नाही.

९४ लाखांपासून बोलणी सुरू झाली. चौथ्या दिवशी काकांचा निरोप आला: “दुसरी पार्टी ९९ ला तयार आहे. आज टोकन दिलं तर ९८ ला करून देतो.” संध्याकाळी ५१ हजारांचा चेक गेला. पुढे मालकांनी सहज बोलता बोलता सांगितलं की तेव्हा दुसरं कुणी आलंच नव्हतं. काकांचं म्हणणं असं की एकाने चौकशी केली होती. चौकशी आणि पार्टी यात फरक असतो, पण तो सोडून देऊ.

टक्केवारीमुळे एजंट भाव वाढवत नेतो असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब करून पाहिला तर तो तितकासा टिकत नाही. काका मालकांकडूनही एक टक्का घेणार होते, हे नंतर कळलं. दोन्ही मिळून तीन टक्के धरले तरी ९४ आणि ९८ मधल्या चार लाखांच्या फरकावर त्यांच्या पदरात १२ हजार पडतात. खरेदीदाराचे मात्र चार लाख जातात. एजंटला वरच्या बारा हजारांपेक्षा व्यवहार याच आठवड्यात होण्यात रस असतो. जो लवकर नमेल त्याला तो नमवतो, आणि घराच्या प्रेमात पडलेला खरेदीदार बहुधा आधी नमतो.

अडचण

टोकन दिल्यावर मेघनाने वकिलाकडे कागद दिले. क्रम उलटा होता, पण निदान वकील स्वतःचा होता. ‘आपला नेहमीचा माणूस आहे, दस्त तोच करेल’ हा काकांचा सल्ला तिने ऐकला नाही. सर्च आणि टायटलची, म्हणजे जुने दस्त शोधून मालकी तपासण्याची फी १८ हजार ठरली.

वकिलांना दुसऱ्याच दिवशी खोट दिसली. फ्लॅट मूळचा मालकांच्या वडिलांनी घेतलेला. वडील २०१८ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या मागे ते चढवलं, आणि तेव्हापासून घरचे सगळेच मुलाला मालक समजत होते. नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदीनुसारही वारसांचा निर्णय होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा तिसरा हिस्सा. ९८ लाखांचा फ्लॅट विकायला निघालेल्या गृहस्थांकडे विकण्याजोगा एक तृतीयांशच होता. बहीण दुबईत.

टोकनच्या पावतीवर मात्र छापील वाक्य होतं: ‘लिहून देणार हे सदर मिळकतीचे एकमेव व निर्वेध मालक असून...’ पावतीचा नमुना काकांचा, अक्षर काकांचं. वडील वारल्याचं आणि बहीण परदेशी असल्याचं त्यांना माहीत होतं. व्हॉट्सॲपवर त्यांनीच आधी लिहिलं होतं, “फॅमिली चांगली आहे, ताई दुबईला सेटल्ड.”

समोरचे पर्याय

टोकन परत घेऊन बाहेर पडणं हा पहिला. ‘व्यवहार रद्द झाल्यास टोकन परत मिळणार नाही’ असं पावतीवर होतं. पण मालकीच चुकीची लिहिलेली असताना ते कलम टिकणं अवघड, असं वकिलांचं मत पडलं. पैसे बहुधा मिळाले असते. घर गेलं असतं.

दुसरा पर्याय काकांनी सुचवला. मालकांकडून क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) लिहून घ्यायचं आणि पुढे जायचं. “सोसायटीने नाव चढवलंय ना मॅडम, मग? असे ढिगाने व्यवहार झालेत.” झालेही असतील. पण कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवरचा वकील हे मान्य करील याची खात्री नव्हती, आणि बहिणीने दहा वर्षांनी दावा लावला तर बंधपत्राचा कागद घेऊन मालकांच्याच मागे धावावं लागलं असतं.

तिसरा, आई आणि बहीण यांच्याकडून मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेणं. घरच्या वारसांमध्ये मोबदल्याविना असेल तर मुद्रांक शुल्क त्या वेळी फक्त २०० रुपये. खर्च नगण्य, अडचण बहिणीच्या सहीची. ती दुबईहून कुलमुखत्यारपत्र पाठवू शकत होती, भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून, आणि ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. नाहीतर तिने स्वतः यायचं.

बहिणीलाही विकणारी म्हणून करारात घेणं हा चौथा. मग ती अनिवासी असल्याने तिच्या हिश्शाला नेहमीचा एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून खरेदीदाराने कापून भरायचा कर) लागू झाला नसता. आयकर कायद्याच्या कलम १९५ खाली बराच जास्त कर कापावा लागला असता आणि त्यासाठी खरेदीदाराला वेगळा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक काढावा लागला असता. निखिलने हे ऐकूनच हात जोडले.

पाचवा पर्याय मालकांनी हळूच पुढे केला. “काकांना आता बाजूला ठेवू या का? तुमचे दोन, माझा एक, सगळे वाचतील.” मोह पडण्यासारखी गोष्ट होती. मेघनाने नाही म्हटलं. नीतीचा प्रश्न तिला वाटला होताच. पण तिचं उत्तर व्यवहारी होतं. तीन वारस, एक परदेशात, एक शहात्तरीच्या घरात. या सगळ्यांना एका दिवशी एका टेबलाशी कोण बसवणार?

काय केलं

तिसरा पर्याय ठरला, पण अटींवर. जुनी पावती रद्द करून नवी केली. तीस नोव्हेंबरपर्यंत हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं नाही तर टोकन पूर्ण परत, तोवर आणखी एक रुपया नाही, आणि फ्लॅट दुसऱ्याला दाखवायचा नाही. मालकांनी सही केली. काका पहिल्यांदा चिडले, मग कामाला लागले.

आणि इथून पुढचे दोन महिने त्यांनी जे केलं ते वकील करू शकला नसता, पोर्टलही नाही. बहीण भाऊबीजेला येणार हे त्यांना माहीत होतं. ती शनिवारी परतणार, दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे दुय्यम निबंधक कार्यालय भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी उघडणार, म्हणजे हातात गुरुवार आणि शुक्रवार. त्यांनी मसुदा आधीच पाठवला, बहिणीच्या नवऱ्याच्या शंका दोन रात्री फोनवर ऐकून घेतल्या, दस्ताचा डेटा आगाऊ भरून ठेवला आणि गुरुवारची सकाळची वेळ घेतली. (भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या बहिणीने दुसऱ्या दिवशी हक्क सोडायचा, हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की कुणालाच ते खटकलं नाही. इथे तिने तो राजीखुशीने सोडला असं तिचं म्हणणं. आईच्या नावे किती ठेव ठेवायची, हे भावाबहिणींनी आपसात ठरवलं होतं.)

गुरुवारी आजींचा, म्हणजे मालकांच्या आईंचा अंगठा स्कॅनरवर उमटेना. आयुष्यभर भांडी घासलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, नंतर या. मागे रांग होती, एसी बंद होता. काकांनी खिशातून ओला रुमाल काढला, आजींचा अंगठा पुसला, कोरडा केला, शेजारच्या टेबलावरून व्हॅसलीनची डबी आणली आणि “आजी, जोरात दाबू नका, नुसता टेकवा,” असं म्हणत त्यांचा हात धरून ठेवला. काही प्रयत्नांनी ठसा लागला. अशी डबी कुठल्या टेबलाच्या खणात असते हे ज्याला माहीत असतं, तो माणूस त्या कार्यालयात बरीच वर्षं गेलेला असतो.

डिसेंबरात मेघना-निखिलचा करारनामा नोंदवला गेला. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ६ लाख ८६ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. एकट्या मेघनाच्या नावे घेतलं असतं तर महिलांसाठीच्या एक टक्का सवलतीने ९८ हजार वाचले असते. पण निखिल जुन्या करप्रणालीत होता आणि सहमालक नसेल तर त्याला कर्जाच्या व्याजाची वजावट मिळाली नसती. सीएने दोन्ही बाजू मांडल्या, त्यांनी दोघांची नावं घातली. हा पर्याय आहे हेसुद्धा काकांनी सांगितलं नव्हतं. मेघनाला ते लागलं, कारण त्या ९८ हजारांची रक्कम काकांच्या दलालीच्या बरोबर निम्मी होती.

सोसायटीने ‘विकास निधी’ म्हणून ५० हजार मागितले. “देऊन टाका मॅडम, पुढे याच लोकांत राहायचंय,” हा काकांचा सल्ला. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकानुसार हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. तिने परिपत्रकाची प्रत शांतपणे सचिवांच्या हाती दिली आणि २५ हजारांचाच चेक दिला. काकांचा सल्ला बेकायदेशीर रकमेला मान तुकवणारा होता, तरी अगदी टाकाऊ म्हणता येत नाही. सचिव अजून तिच्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

दलालीचा हिशेब

करारनाम्याच्या दिवशी सकाळी काकांनी पूर्ण १ लाख ९६ हजार मागितले. ताबा अजून महिनाभर लांब होता.

मेघनाच्या वकिलांनी करार कायदा, १८७२ मधली दोन कलमं तिला दाखवली होती. कलम २१९ प्रमाणे वेगळं ठरलेलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पुरं झाल्यावर देय होतो. कलम २२० प्रमाणे एजंटने कामाच्या ज्या भागात गैरवर्तन केलं असेल, त्या भागाचा मोबदला तो मागू शकत नाही. सगळं काम बुडालं असं कलम म्हणत नाही, त्या भागापुरतं बोलतं. तिने काकांपुढे कलमं काढली नाहीत, पण विचार त्याच धर्तीवर केला. घर दाखवणं, भाव, मालकीची तपासणी, वारसांची जुळणी, सोसायटी, ताबा, असे तुकडे पाडून ती त्यांच्या गाळ्यात जाऊन बसली.

“काका, वारसांचं तुम्ही केलंत ते दुसरं कुणी केलं नसतं, त्याचे पैसे मी मोजून देणार. पण पावतीवर एकमेव मालक असं तुम्हीच लिहिलंत. भावातही तुम्ही माझ्या बाजूने नव्हतात. मालकांकडून घेताय हे मला सांगितलंही नाहीत.”

काका बराच वेळ बोलले. दोन टक्के म्हणजे दोन टक्के, पुण्यात कुणालाही विचारा. मग खरा मुद्दा आला. त्याच वर्षी दोन व्यवहारांत त्यांनी असेच महिने घातले होते. एकात बँकेने कर्ज नाकारलं, दुसऱ्यात मालकाने विचार बदलला, आणि दोन्हींचा एक पैसा मिळाला नाही. “जे होतात त्यांच्यावरच न झालेल्यांचं पोट भरतं, मॅडम.”

हे खरं आहे, आणि दोन टक्क्यांची सगळी गोम त्यात आहे. यशस्वी खरेदीदार स्वतःच्या कामाचे पैसे देतोच, शिवाय ज्यांचा व्यवहार फिसकटला त्यांचा भारही उचलतो. मेघनाने तो थोडा उचलायची तयारी दाखवली, पूर्ण नाही.

शेवटी सव्वा टक्क्यावर ठरलं: १ लाख २२ हजार ५००. त्यातले ५० हजार करारनामा नोंदवल्यावर, उरलेले ताबा आणि सोसायटीकडे हस्तांतरणाचे कागद जमा झाल्यावर. रोख नाही, चेकने, पावतीसह.

निष्पत्ती

जानेवारी २०२४ मध्ये ताबा मिळाला. टीडीएसचे ९८ हजार निखिलने फॉर्म २६ क्यूबीने भरले. दुसरा हप्ता मिळणं बाकी असल्याने असो वा नसो, काकांनी वीजमीटरच्या आणि गॅसच्या नावबदलाला स्वतःचा मुलगा पाठवला. एक गोष्ट फसली. जाहिरातीतलं ‘कव्हर्ड पार्किंग’ सोसायटीच्या वाटपात दरवर्षी चिठ्ठीने फिरतं असं राहायला गेल्यावर कळलं. “पार्किंग आहे ना?” या मेघनाच्या प्रश्नाला सप्टेंबरात काकांचं उत्तर होतं, “शंभर टक्के.”

काकांनी दलाली कमावली का? माझ्या मते वारसांच्या कामाची कमावली, आणि ते काम एक टक्क्याच्या आसपासचं सहज होतं. घर दाखवण्याचे थोडे धरले तर सव्वा टक्का रास्त वाटतो. निखिलला अजूनही तो जास्त वाटतो. त्याच्या मते अडचण काकांनीच दडवली आणि मग ती सोडवल्याचे पैसे घेतले. त्याला पूर्ण चूक म्हणता येत नाही. फक्त अडचण काकांनी निर्माण केली नव्हती, ती २०१८ पासून त्या घरात होती.

वेगळं काय करता आलं असतं

टोकन देण्याआधी वकिलाला शेअर सर्टिफिकेट आणि मूळ करार दाखवायला दोन दिवस लागले असते. ‘आजच द्या’ या घाईवर उत्तर म्हणून ‘कागदांच्या अधीन राहून’ असं एक वाक्य पावतीत घालता आलं असतं. इंडेक्स टू निखिलने काढले ते चांगलंच, पण ते काकांसमोर ठेवले नाहीत, स्वतःच्या खिशात ठेवले. समोर ठेवले असते तर ९८ चा आकडा थोडा हलला असता असं वाटतं. पार्किंगबद्दल एजंटला विचारण्यापेक्षा सोसायटीच्या वाटपाचा ठराव मागायला हवा होता.

आणि दलालीचं बोलणं पहिला फ्लॅट बघायच्या आधी. मेघनाच्या ऑफिसातली एक मैत्रीण आता बाणेरला घर शोधते आहे. तिने तिथल्या एजंटला दिलेलं पत्र मेघनानेच लिहून दिलं. त्यातला मजकूर असा: ‘खरेदीदाराकडून दलाली एक टक्का. विकणाऱ्याकडून काही घेत असल्यास ते आधी लेखी कळवावं. गेल्या वर्षभरातले त्या इमारतीचे इंडेक्स टू, मालकीचे कागद आणि पार्किंगचा ठराव टोकनआधी दाखवावेत. वारस किंवा कर्जासारखी अडचण निघाली आणि ती आपण सोडवली, तर त्याचा वेगळा मोबदला त्या वेळी बसून ठरवू. निम्मी रक्कम करारनाम्याला, निम्मी ताब्याला.’

एजंटने पहिल्या वाक्यावर दीड टक्का लिहून बाकीच्यावर सही केली.